दहा सेकंद काळी पडणारी स्क्रीन

प्रिय धना,

तुला कागदावर लिहायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. कागदावर का, ते शेवटी सांगतो. आधी तुझ्या लॅपटॉपचं काय झालं ते क्रमाने सांगू दे, नाहीतर माझाच गोंधळ उडेल.

परवा हनुमंतराव स्वतः लॅपटॉप घेऊन वडगाव रासाईला आले. दौंडचं खताचं दुकान भर दुपारी बंद ठेवून जावई सासुरवाडीला येतो, तेही तुला न घेता, याचंच मला आधी नवल वाटलं. चहा हातात घेऊन म्हणाले, "आप्पा, ह्यो चालू करताना धा सेकंद पडदा काळा पडतोय, मग आपसूक चालू व्हतोय. ही म्हणती जुना झालाय. तुम्ही कंपनीतली माणसं, बघा जरा. आन् काय निघंल ते मला सांगा, तिला नगा सांगू, उगं ताप तिला." मला ते बोलणं आवडलं, धना. बायकोला ताप नको म्हणणारा जावई कुणाला आवडणार नाही?

तुला माझा स्वभाव माहीत आहे. डेअरीतल्या फॅटच्या मशीनवर माझा विश्वास नाही, विजेच्या मीटरवर नाही, आणि तुझी आई मेथी निवडते तेव्हा त्यातली निम्मी गाईला जाते असा मला पंधरा वर्षं संशय आहे. त्यामुळे पहिला संशय गेला तो गेल्या वर्षी तुझी स्क्रीन बदलून देणाऱ्या शिरूरच्या माणसावर. जुनी स्क्रीन बसवली असणार, अशी माझी खात्रीच होती. केबल लावून लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडला. टीव्हीवरही दहा सेकंद काळंच. म्हणजे तो बिचारा सुटला.

मग आठवलं, याच्यात दोन सिस्टिम आहेत. तू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आपण दोघांनीच विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं होतं. चालू करताना यादी यायची आणि तू बाण खाली-वर करून हवं ते निवडायचीस. ती यादीच आता दिसत नव्हती. चालू करताना एस्केपचं बटण टकटक दाबत राहिलो आणि तिसऱ्या वेळेला यादी आली, दोन्ही नावं जागच्या जागी. म्हणजे बिघाड काहीच नव्हता. यादी कुणीतरी लपवली होती. ती दहा सेकंद पडद्याआड थांबायची आणि मग मुकाट विंडोज सुरू व्हायचं.

तुझा पासवर्ड मला माहीत नव्हता, पण त्या यादीतच दुरुस्तीची वाट असते, तिथे पासवर्ड लागत नाही. तिथून आत गेलो, सेटिंगच्या फाइलमध्ये 'लपव' होतं तिथे 'दाखव' केलं, चालवून पाहिलं आणि यादी झकास दिसायला लागली. एवढा आनंद झाला मला! रांजणगावला कंपनीत आमची रीत आहे, मशीन दुरुस्त झालं की आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढायचे आणि ज्याने तक्रार दिली त्याला पाठवायचे. तेवीस वर्षांची सवय. काळ्या स्क्रीनचा फोटो मी आधीच काढून ठेवला होता, आज सकाळी दहा वाजता यादीचा काढला, खाली लिहिलं, 'आत दोन सिस्टिम आहेत, दुसरी लपवलेली होती, आता दिसते', आणि हनुमंतरावांना पाठवून दिले.

त्यानंतर आवराआवर करायला पुन्हा आत गेलो. सेटिंगच्या फाइलशेजारी तिचीच दुसरी प्रत होती, नावापुढे 'mul' लावलेली. कुठल्याही पॅनेलला हात लावायच्या आधी मूळ जसं आहे तसं जपून ठेवायचं आणि त्यावर 'मूळ' लिहायचं, हे जगात मी एकाच माणसाला शिकवलंय. ती यादी तू लपवलीस. तारीख होती भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

आपल्याच लॅपटॉपची अर्धी बाजू माणूस कुणापासून लपवतो? मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. भाऊबीजेला हनुमंत तुझ्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि तू भांडी घासून होईपर्यंत तिथून हलला नाही. मला वाटलं, केवढी माया! तुझा फोन सहा महिने झाले तोच उचलतो, आणि तू बोलतेस तेव्हा मागे कुणीतरी खाकरत असतं. जाताना तू मार्कशीटच्या मूळ प्रती आईच्या कपाटात ठेवून गेलीस. मी म्हटलं, पोरगी विसरभोळी झाली. जगावर संशय घेत फिरलो, आणि जिथे घ्यायचा तिथे मुलगी देऊन मोकळा झालो.

तुझ्या बाजूच्या फायली मी उघडल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, हात गेला होता. पण जे तू नवऱ्यापासून जपलंस ते बापाने चोरून बघायचं, तर मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? तू तिथे काय करतेस, अभ्यास, नोकरीचे अर्ज की आणखी काही, ते तुझं तुझ्यापाशी. यादी मी पुन्हा होती तशी लपवली आहे. पण पाठवलेला फोटो त्याने बघितला होता. त्याचं उत्तरही आलं: 'बरं झालं आप्पा. संध्याकाळी दुकान बंद करून येतो, लॅपटॉप घेऊन जातो. तिला काही बोलू नका.' या वेळी ते वाक्य मला मायेचं वाटलं नाही. धना, तुझ्या बापाने तुझी लपायची जागा फोटो काढून त्याला दाखवली. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

म्हणून हा कागद. फोनवर सांगितलं असतं तर आधी त्यानेच ऐकलं असतं. तो संध्याकाळपर्यंत दुकानात असेल, म्हणून आत्ता दुपारीच नदी ओलांडून आम्ही तुझ्याकडे आलो आहोत. हे पत्र तुझी आई तुझ्या हातात देईल, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत तुझ्या सासूबाईंशी खतपाण्याच्या गप्पा मारत असेन. लॅपटॉप मी घरी कुलपात ठेवलाय, तो तुझ्याशिवाय कुणाच्या हातात पडणार नाही. तुला इथेच राहायचं असेल तर आईला तसं सांग. मी कारण विचारणार नाही, पण आज रात्री तो घरी येईल तेव्हा मीही इथेच, बाहेरच्या खोलीत बसलेला असेन. आणि यायचं असेल तर काही बांधाबांध करू नकोस. सरळ बाहेर ये आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हण, 'आप्पा, चला.' पुढचं बोलायचं काम माझं.

तुझाच,
आप्पा