बियाला सोडलेलं झाड

मी, रस्त्याच्या टोकाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रफूकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे, फुप्फुसं आणि डावा डोळा यांच्याबद्दल मी तसं म्हणणार नाही, पण कायद्याला डोकंच पुरतं असं वकील म्हणाला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी असावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी मी रागाच्या भरात एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात मुलीला फक्त भिंतीवरचं बंद घड्याळ दिलं होतं. ते मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. घड्याळ तेव्हाही बंद होतं आणि आताही आहे, ते भंगारात द्यावं.

कलम १. राहती जागा, दोन खोल्या आणि मोरी, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावी. तिचे बाबा बस चालवायचे. लहानपणी ही त्यांच्यामागच्या सीटवर बसून मोठमोठ्या माणसांना 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून दटावायची, म्हणून ते तिला शेवटपर्यंत कंडक्टर म्हणत. मीही या लेखात तेच म्हणेन. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो हे ध्यानात ठेवावं. वरच्या मजल्यावरची बाई पहाटे पलंग ओढते. तिला काही बोलू नये. मी तीस वर्षं बोलून पाहिलं, भिंतीशी बोलले असते तर भिंत तरी हलली असती.

कलम २. बँकेत जे काही निघेल तेही कंडक्टरलाच.

कलम ३. रफूच्या सुया, भिंग, रंगवार लावलेल्या दोऱ्यांचा डबा हे सगळं लाँड्रीच्या मालकिणीला द्यावं. माझं रफू ती बावीस वर्षं 'मी स्वतः केलंय हो' म्हणून गिऱ्हाइकांना दाखवत आली. आता खरंच करून दाखवावं. भोक पडलेलं दिसत नाही तोवर रफू चांगलं, हे मीच तिला शिकवलं होतं.

कलम ४. रहिवाशांना भाजी लावायला तुकडे देणाऱ्या समितीच्या जागेत आमच्या तुकड्याशेजारचा अठ्ठावीस नंबरचा तुकडा ज्यांच्याकडे आहे त्या निवृत्त भूमापकांना मी काही ठेवत नाही. कारण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. म्हणून आमच्या ड्रायव्हरसाहेबांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं फावडं मी त्यांना गेल्या आठवड्यातच देऊन टाकलं. या गृहस्थांना आम्ही पाठीमागे फूटपट्टी म्हणतो. दोन मुळ्यांमध्ये ते खरोखरच पट्टी ठेवून अंतर मोजतात. आमच्या तुकड्यातलं बी उडून त्यांच्या ओळीत उगवलं की ते रोप मुळासकट कागदात गुंडाळून आमच्या दारात आणून ठेवायचे, वर चिठ्ठी, 'आपला माल.' यजमान हसत हसत ते परत लावायचे. मी मात्र त्यांच्याशी अकरा वर्षं बोलले नाही. ते चुकलंच माझं. यजमान गेले त्या दिवशी सगळ्यात आधी जिना चढून हेच आले होते.

कलम ५. समितीच्या जागेतला भाजीचा तुकडा क्रमांक सत्तावीस, त्यातली पाण्याची टाकी, पत्र्याची खोपटी आणि उभं पीक यांचा ताबा कंडक्टरकडे जावा, अशी माझी इच्छा आहे. यात एक अडचण आहे. तुकडा तणाने भरला की समिती नोटीस लावते, आणि मुदतीत साफ झाला नाही तर यंत्र घालून नांगरते आणि यादीतल्या पुढच्या माणसाला देते. आमच्या तुकड्याला नोटीस लागली आहे. मुदत मेअखेरपर्यंत आहे. मला डॉक्टरांनी तेवढीही दिलेली नाही.

कलम ६. थंडीतली भाजी कशी काढावी. सप्टेंबरात मी शेवटचं पेरलं, ते आता तयार आहे.

मुळे आधी काढावेत, उशीर झाला की आतून पोकळ होतात. गाजरांची घाई करू नये. कडाक्याची थंडी खाल्ल्याशिवाय गाजर गोड होत नाही. कोबीचा गड्डा कापावा पण बुंधा जमिनीत राहू द्यावा, त्याला बाजूने पुन्हा लहान गड्डे धरतात. पालकाची बाहेरची पानं घ्यावीत, मधला कोंब सोडावा. सकाळी पानं थंडीने ताठरलेली असताना हात लावू नये, काळी पडतात.

आणि प्रत्येक भाजीचं एक झाड बियाला सोडावं. हे वाटतं तितकं सोपं नाही. मरतुकडं झाड सोडायचं नसतं. सगळ्यात टपोरं, ज्याला बघून तोंडाला पाणी सुटतं, तेच खायचं नसतं. ते उंच वाढतं, फुलतं, वाळून वाकडं होतं, येणारेजाणारे नाक मुरडतात. यजमान त्या वाळल्या काड्या बुटावर आपटून झाडायचे, पडलेलं बी कोटाच्या खिशात भरायचे आणि फिरता फिरता भिरकावायचे. शेपू, कोथिंबीर, मोहरी, चाकवत आमच्याकडे कधी कोणी पेरलंच नाही. पाऊस सरला की आपसूक उगवायचं. 'मी फक्त वाहतूक बघतो,' म्हणायचे ते.

कलम ७. तीन वर्षांपूर्वी काय झालं ते इथे नोंदवते, कारण आधीचं मृत्युपत्र त्यातूनच झालं होतं.

यजमान नऊ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात गेले. गेले तेव्हा टाकीच्या कडेला त्यांनी भिरकावलेलं सगळं बोटभर वर आलेलं होतं. त्या हिवाळ्यात मी ती भाजी कंडक्टरला नेऊन दिली आणि सांगितलं, 'बाबांनी पाठवलीय.' ती दाताच्या दवाखान्यात काम करते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिला भाजी जुडीत बांधलेली ओळखू येते, जमिनीतली नाही. दर हिवाळ्यात मी जुडी न्यायची आणि ती दारातच विचारायची, 'बाबांची का?'

मग माझं खुब्याचं हाड मोडलं आणि मी पाच आठवडे इस्पितळात होते. सुटले त्या दिवशी कंडक्टर मला रिक्षात घालून थेट तुकड्यावर घेऊन गेली. 'डोळे मीट आई,' म्हणाली. उघडले तर सगळी जमीन विंचरून काढल्यासारखी. सुट्ट्या टाकून, हाताला फोड येईपर्यंत तिने एकटीने खणली होती. सरळ ओळीत कोबीची रोपं. टाकीची कड साफ, काळीभोर. आणि पलीकडच्या कोपऱ्यात सुतळीचं कुंपण, आत सुकं गवत पसरलेलं, वर पाटी, 'बाबांची जागा. हात लावू नये.'

कुंपणाच्या आत निव्वळ तण होतं. बाबांची म्हणून तिने जिवापाड जपलं ते तण, आणि तण म्हणून उपटलं ते सगळं टाकीकडचं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, 'तुझ्या बाबांना एकदा पोचवून आले होते मी. आज तू पुन्हा पोचवलंस.'

तिने मला घरी सोडलं, औषधं काढून ठेवली, आणि गेली. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. औषध संपलं का, विजेचं बिल भरलं का.

गेल्या महिन्यात फूटपट्टी भेटायला आले. मी म्हणाले, भाऊजी, समितीने नोटीस लावली, आता तुमच्या ओळी सुखाने नांदतील. ते म्हणाले, 'वहिनी, एक सांगू का? तुमची मुलगी दर रविवारी येते. पेरणीनंतर तुम्ही आजारी पडलात तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. पाणी घालते. पण एक काडी उपटत नाही. मी म्हटलं, अगं हे गवत आहे, काढ. तर म्हणते, काका, नक्की गवतच आहे ना? तुम्ही लिहून द्याल का?'

तण वाढलं ते असं. नोटीस लागली ती यामुळे.

कलम ८. हे कलम मला कायद्याच्या भाषेत लिहिता येत नाही. कंडक्टर, तुलाच लिहिते.

तुझ्या बाबांची भाजी दोनच हिवाळे आली. पहिल्या हिवाळ्यात मी खाल्ली, तुला दिली, थोडी नजरेतून सुटली तिचं बी पडलं. दुसऱ्या हिवाळ्यात उगवली ती मोजकीच. मला माहीत होतं, एकेक झाड सोडायला हवं. मी नाही सोडलं. त्यांच्या हातचं म्हणून पान न् पान खुडलं, देठसुद्धा टाकला नाही. रोज संध्याकाळी एकटी बसून खाल्लं. शेवटचं शेपूचं झाड चांगलं कमरेइतकं झालं होतं, कळी धरणार होतं. तेही कापून आणलं, कारण त्या दिवशी मला ते माणूस फार हवं होतं. तिसऱ्या हिवाळ्यात टाकीच्या कडेला काहीही उगवलं नाही.

तू दारात विचारणार, 'बाबांची का?' मी काय सांगणार होते? बाजारातून बियांची पाकिटं आणली, त्यांचा कोट घातला आणि त्यांच्यासारखी फिरत फिरत भिरकावली. पुढे दरवर्षी तेच केलं. तू उपटलंस ते सगळं पाकिटातलं होतं. मला ते तिथे उभी असताना माहीत होतं, आणि तरी मी ते वाक्य बोलले. माझं पाप तुझ्या फोड आलेल्या हातांवर ढकललं, इतकं सोपं वाटलं ते.

परवा हे तोंडाने सांगायचं ठरवून तुला फोन लावला. तू म्हणालीस, 'बोल आई.' मी म्हणाले, 'मोठी कढई तुझ्याकडे आहे का गं?' तू म्हणालीस, 'नाही, तुझ्याकडेच आहे, ओट्याखाली.' मी म्हणाले, 'बरं.' मग तू थोडा वेळ फोन ठेवला नाहीस. मीही नाही. तेवढ्यात सांगता आलं असतं.

तेव्हा आता उपट. कोणालाही विचारू नकोस, सगळं उपट. त्या जमिनीत तुझ्या बाबांचं काहीही नाही. ते मी संपवलं.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर, खिडकीपाशी
दिनांक : सतरा जानेवारी, सकाळी

सही : रफूवाली, ड्रायव्हरची बायको, कंडक्टरची आई

साक्षीदार १ : तुकडा क्रमांक अठ्ठावीसचे धारक, निवृत्त भूमापक. बाईंनी माझ्यासमोर सही केली. शेवटचं कलम हाताने झाकून ठेवलं होतं, ते मी वाचलेलं नाही.

साक्षीदार २ : तळमजल्यावरचे डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. सही करताना दोनदा थांबल्या, ते दम लागल्यामुळे, असं त्यांनी मला लिहायला सांगितलं आहे.