हात वर कर, फोल्कमार

प्रिय फोल्कमार,

तब्येत कशी आहे, हे विचारत नाही. तुझी तब्येत ठणठणीत आहे, ते मंगळवारी तलवारबाजीच्या सरावाला सगळ्यांनी पाहिलं. मोडला तो लेनेचा अंगठा. काल तिला भेटून आले. बेकरीत पहाटे पीठ मळणारी ती पोरगी उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन बसली होती, आणि मला साधी कॉफी करून देता येत नाही म्हणून ओशाळली होती. वर मलाच म्हणते, "चूक माझीच असणार. तलवार विकून टाकते आता." आणि तू गावभर सांगत सुटलायस, "तिचे हातमोजे स्वस्तातले होते, मी काय करणार?" लाज कशी वाटत नाही रे?

ते हातमोजे सराव सुरू होण्याआधी तूच दाबून, वाकवून पाहिलेस. "हत्तीनं पाय दिला तरी काही होत नाही," म्हणालास. मी बाकावर बसून मुखवट्याचा पट्टा आवळत होते, माझे कान शाबूत आहेत. तिनं तुझ्या मनगटाला अलगद तलवार टेकवली, एकदा नाही, तीनदा. बोथट असलं तरी ते पोलाद आहे, हे भान ठेवून, अगदी तू शिकवलंस तसं. आपल्याकडे सरावाला पंच नसतो. ज्याला लागलं त्यानंच हात वर करायचा, एवढाच आपला कायदा. आणि तू काय म्हणालास? "छे, काही जाणवलंच नाही! जोर लाव की, पीठ मळतेस ना?" मग तिनं जोर लावला. तुझं डोकं फिरलं आणि तू सगळं अंग घालून तिच्या हातावर वार केलास. मी "थांबा!" ओरडेपर्यंत तिची तलवार जमिनीवर होती.

माझं डोकं कशानं तापलंय सांगू? जाळीचा मुखवटा, गळपट्टी, जाडजूड कोट हे सगळं अंगावर असूनही आपण एकमेकांच्या प्रामाणिकपणावरच जगतो. हलका वार कबूल न करणारा माणूस समोरच्याला जोरात मारायलाच शिकवतो. बघ ना आपली नवी मंडळी, तलवार नाही, घण घालतात! मागच्या आठवड्यात सरावाला आपला उवे म्हणाला, "फोल्कमारला लागलेलं कळायला तोफच आणावी लागेल." सगळे हसले, तूही हसलास. मला मात्र हसू आलं नाही.

कारण मला गॉस्लारचं शिबिर आठवलं. सगळे झोपायला गेले होते, आपण दोघं पायऱ्यांवर बटाट्याचं सॅलड खात बसलो होतो, आणि मी तुला माझ्या मनातली एक गोष्ट सांगितली होती. अगदी हळू आवाजात. तू माझ्याकडे पाहिलंस, मग म्हणालास, "मोहरीचा सॉस दे जरा." दुसऱ्या दिवशी जणू काही घडलंच नव्हतं. मी ते पुन्हा कधी बोलले नाही. जोर लावून सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

आता काल तुझा निरोप आला. "वीब्के, क्लबच्या शनिवारच्या सभेत तू उठून हातमोज्यांचं सांग. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे." वा रे वा! म्हणून हे पत्र. मी उठणार आहे, पण जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगणार आहे. त्यानंतर वर्ग तुझ्याकडे राहणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण माझ्याआधी तुला उठता येईल. लेने पहिल्या रांगेत असेल. तिच्यासमोर उभा राहा आणि सगळ्यांदेखत हात वर कर. तिचे वार तुला लागले होते, एवढंच सांग. माझं राहू दे. गॉस्लारला तुला लागलं होतं की नाही, ते मी विचारणार नाही. तुझे कान लाल झालेले मी त्याच वेळी पाहिले होते.

तुझीच,
पण शनिवारी लेनेच्या शेजारी बसणारी
वीब्के