जागचा न हलणारा ठिपका

४ जानेवारी १९६६, अमरावती
संपलं एकदाचं! एकोणीस पानं. बायकोला, चतुराला, बाजारात जायचं होतंच, पाकीट तिच्याकडेच दिलं पोस्टात टाकायला. पत्ता अमेरिकेतल्या अंतराळ संस्थेचा. त्यांनी बोलावलं तर जाईन, असंही तिला सांगून टाकलं.

प्रश्न साधा आहे. दोन यानं चंद्रापलीकडे. पृथ्वीवरून मदत नाही. भिंगातून समोरचं यान म्हणजे नुसता ठिपका — दिशा कळते, अंतर नाही. माझी युक्ती अशी, की यानानं थोडं आडवं सरकायचं आणि ठिपका ताऱ्यांमधून किती हलला ते यंत्रानं मोजायचं. पुष्कळ हलला तर जवळ, नाही हलला तर लांब. मग आपलं आपण जाऊन जुळायचं. कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. हसतील.

१३ फेब्रुवारी
सायकलनं मोझरीला निघालो होतो. उजवीकडच्या पांदणीतून कापसाची गाडी येत होती. दिसत होती की! पण नजरेत एकाच जागी. वाटलं, लांब आहे. थेट जुवावर आदळलो.

"ओ भाऊ, एवढे बैलं दिसून नाई राहिले का तुले!"

कोपर सोललं. उठता उठताच लक्षात आलं. समोरचंही चालत असेल तर ठिपका जागचा हलत नाही — आणि अंतर संपत येतं! माझं सूत्र म्हणेल, लांब आहे, येऊ द्या. समोरचं यान मी उभंच धरलं. गाढव!

१४ फेब्रुवारी
चूक कबूल करणारं पत्र. रजिस्टर्ड, विमानानं. या वेळी स्वतः गेलो. पोस्टातले डोमाजी म्हणाले, "जाते ना सायेब, भेता कावून?"

५ मार्च
उत्तर नाही. घास उतरत नाही.

१८ मार्च
पेपरात आलंय. दोन यानं आकाशात जोडली गेली — पहिल्यांदाच! आणि जोडल्यावर गरगर फिरायला लागली. आतले दोघं कसेबसे वाचले, समुद्रात उतरले. कारण छापलेलं नाही.

ती पृथ्वीजवळच होती, त्यांच्याकडे रडार होतं, माझ्या सूत्राशी त्यांचा काय संबंध? सगळं कळतं. तरी वाटतं, कुणी वाचलं असेल तर? वर्गात फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं. पोरं हसली.

२० मार्च
राहवेना. चतुराला सगळं सांगितलं. माझ्या हातून माणसं मरतील गं, म्हणालो. तव्यावरची भाकर करपली.

२१ मार्च
सकाळी चतुरानं ज्वारीच्या कोठीतून पाकीट काढून पुढ्यात ठेवलं. जसंच्या तसं, चिकटवलेलं. "तुमी तिकडं गेले असते तं मी का केलं असतं? म्हून टाकलंच नाई." आणि रडायला लागली.

कुणी मरणार नाही! मीही रडलो. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

म्हणजे अमेरिकेत माझं एकच पत्र पोचलंय — मी चुकलो, हे सांगणारं.