मरियेचं काळं पदक

साकातेकास, ता. ८ जानेवारी १८५१

चि. फर्मिन यास ताईचे अ. आ., वि. वि.

नाताळात टाकलेलं तुझं पत्र तीन राजांच्या सणाला एकदाचं पोचलं. वाचून आनंद झाला आणि लगेच मनात पाल चुकचुकली. अक्षर कुणाचं रे ते? इतकं सुरेख वळण आपल्या घरात सात पिढ्यांत कुणाला जमलेलं नाही.

कांदेलारियाचा, मेणबत्त्यांचा सण तीन आठवड्यांवर आला, म्हणून हे पत्र. आईचं सणाचं काम ती गेल्यापासून माझ्याकडे आलं आहे, हे तू विसरला असशील, मी नाही. मेणबत्त्या देवळात न्यायच्या आधी ती आपल्या सगळ्यांच्या गळ्यातली चांदीची पदकं काढून घ्यायची आणि घासायच्या आधी उजेडात धरून नीट बघायची. घामाने चांदी काळी पडते, तो तिचा स्वभावच. पदक काळं म्हणजे माणूस धड, असा आईचा हिशेब. ज्याचं सगळ्यात काळं त्याला मक्याच्या पानात उकडलेला एक तामाल जास्त मिळायचा. तू मुद्दाम आंघोळ टाळायचास, तेही आठवतंय मला.

बाबांच्या शेवटच्या तीन वर्षांत त्यांचं पदक काळं पडायचं थांबलं. पांढरंफटक, वर ओल्यासारखी चकाकी. भट्टीघरातली पाऱ्याची वाफ चांदीत शिरली होती. आई ते न घासताच उशीखाली ठेवायची. तू नऊ वर्षांचा होतास, मी सोळाची. बाबांना चॉकलेट चमच्याने भरवायचं काम माझ्याकडे होतं, आणि निम्मं त्यांच्या सदऱ्यावर जायचं.

तेव्हा आईचं ते मरियेच्या चेहऱ्याचं पदक, जे तुझ्या गळ्यात आहे, येत्या खेचरवाल्याबरोबर पाठवून दे. तुझे दाजी आन्सेल्मो दरवर्षीप्रमाणे चकचकीत करून परत धाडतील. मात्र तू त्याला हात लावू नकोस. घामट, मळकट, जसं असेल तसं पाठव.

पत्राची वाट बघतेच आहे, पदकाची त्याहून जास्त. माया आहे म्हणून बोलते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
कासिल्दा


ग्वानाह्वातो, ता. २२ जानेवारी १८५१

ती. ताईस सा. न., वि. वि.

तू अजून माझं अक्षर तपासतेस म्हणजे तुझी तब्येत उत्तम आहे. अगं, बोट भाजलंय. कोठीवरचे कारकून भले गृहस्थ आहेत, मी बोलतो, ते लिहितात. आत्ताही हसताहेत.

खरी बातमी ऐक. ईस्टर झाला की अंगणाचे उस्ताद सिप्रियानोकाका काम सोडणार, आणि त्यांच्या जागी मालकांनी माझं नाव घेतलं आहे! जिथे बाबा उभे राहायचे तिथे मी उभा राहणार. तीन वर्षं भट्टीघरात काढली ती याचसाठी. बाबांचं भोपळ्याचं भांडं अजून त्याच भिंतीवर, त्याच खिळ्याला आहे. काका ते कुणाला वापरू देत नाहीत. मला देणार म्हणाले.

दाजींना सांग, तुमची चांदी तुमच्या ऐरणीवर येण्याआधी आमच्या चिखलात लोळते. खनिजाची पूड, मीठ, भाजलेल्या तांब्याची भुकटी आणि पारा अंगणात पसरायचा आणि आठवडेच्या आठवडे त्यावर खेचरं फिरवायची. उस्तादाने रोज चिमूटभर चिखल भांड्यात धुवायचा आणि तळाशी राहिलेल्या पाऱ्याचं तोंड बघायचं. तो एक होऊन चमकत असेल तर सगळं ठीक. पिठासारखा करडा, कणाकणांत विखुरलेला दिसला तर चिखल तापलाय, चुना घालायचा. नको असताना चुना पडला तर काम तिथेच मेलं. म्हणून हात हवा आणि नजर हवी.

ताई, मला तर ही दोघं भावंडं वाटतात. रंग एक, झळाळी एक, जुने लोक पाऱ्याला जिवंत चांदीच म्हणतात. पण स्वभाव किती वेगळे! चांदी हातात ठेवली की राहते, ठोकली की पसरते, आपटली की वाजते. पारा धरू म्हटलं तर सुटतो, तोडला की मोत्यासारखे थेंब होतात, जवळ आणले की पुन्हा एक. आणि वजनाला धाकटाच भारी. परवा मी पाऱ्याच्या टाकीत चांदीचं नाणं टाकलं, ते बुडालं नाही, होडीसारखं तरंगलं. उचलायला उशीर झाला तर मात्र पारा त्याची कड खातो. दोघं एकमेकांत मिसळली की लोण्यासारखा गोळा होतो. मग तो भट्टीत घंटेसारख्या लोखंडी झाकणाखाली ठेवायचा. जराशी आच लागली की पारा उडून जातो आणि चांदी तिथल्या तिथे बसून राहते, तिला वितळायला त्याच्या कितीतरी पट जाळ लागतो. मी राहणारा आहे, उडणारा नव्हे, तेव्हा घाबरू नकोस.

पदक सोबत आहे. फार कळकट झालं होतं, पाठवायची लाज वाटली म्हणून राखेने घासून काढलं. ओरडू नकोस.

दाजींना नमस्कार. तुझा राग पोचला, आता तामाल पोचू देत.

तुझा,
फर्मिन


साकातेकास, ता. १० फेब्रुवारी १८५१

चि. फर्मिन यास अ. आ., वि. वि.

पदक पोचलं. आता मी काय सांगते ते बसून वाच, आणि दुसऱ्याकडून वाचून घेत असशील तर त्या भल्या गृहस्थांना क्षणभर बाहेर जायला सांग.

तुझे दाजी कधी फार बोलत नाहीत. पण पदक हातात घेतल्यावर त्यांनी ते तीन वेळा उलटंपालटं केलं आणि मला दुकानात बोलावलं. ते चुन्यासारखं पांढरं होतं, चमक कुठेच नाही, मरियेचे नाक-डोळे पुसून गेलेले. राखेने घासलेली चांदी अशी दिसत नाही, म्हणाले. कडी वाकली होती ती सरळ करायला ऐरणीवर ठेवलं आणि लाकडी हातोडीने अगदी हलकेच ठोकलं. मक्याच्या वाळलेल्या भाकरीसारखे त्याचे दोन तुकडे झाले. तीस वर्षं चांदी ठोकतोय, ती पसरताना पाहिली, तुटताना नाही पाहिली, असं म्हणून ते खालीच बसले. मग एक तुकडा मुशीत घालून त्यांनी वर थंड तांब्याचा पत्रा धरला आणि खालून जाळ दिला. पत्र्यावर बारीक चकचकीत थेंब जमले. ते कसले, हे तुला मी सांगायला नको.

तू पदक भट्टीत घातलंस. पारा उडवून लावलास, म्हणजे मला कळू नये. घाईत आच कमी पडली, आणि आत राहिलेल्याने चुगली केली. लहानपणी साखर खाऊन तोंड पुसायचास, पण मिशी तशीच राहायची. अजून तसाच आहेस. फर्मिन, मला तुझा इतका राग आलाय की हे लिहिताना रडू येतंय.

आता एक गोष्ट, जी आईने तुला कधी सांगू दिली नाही. बाबांच्या हातून शेवटचं अंगण मेलं ते चुना भेसळीचा निघाला म्हणून, असंच तू ऐकत आलास. चुना चांगला होता. बाबांचा हात कापत होता. भांडं हातात थरथरलं की आतला पारा फुटतो आणि पिठासारखा करडा दिसतो. निरोगी चिखल त्यांना तापलेला वाटला आणि त्यांनी चुना घालायला सांगितला. पाच दिवसांनी त्यांचं त्यांनाच कळलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आईसमोर दोन्ही हात पुढे केले. मी चुलीपाशी होते.

तुझं बोट भाजलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. ईस्टरच्या आधी घरी ये. इथे भाता चालवायला माणूस हवाय, भात्याला नाजूक हात लागत नाही. उस्ताद होऊ नकोस. माझा भाऊ राहा.

उत्तर लिहू नकोस, स्वतःच ये. आणि लिहिलंसच तर आपल्या हाताने लिही, वाचता नाही आलं तरी चालेल.

तुझी,
कासिल्दा


ग्वानाह्वातो, ता. ३ मार्च १८५१

ती. ताईस सा. न.

हे मी स्वतः लिहितोय. शाई सांडली आहे तिकडे दुर्लक्ष कर. चार ओळींना अर्धी सकाळ गेली.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. शनिवारी काकांनी पहिल्यांदा सगळं अंगण माझ्यावर सोपवलं. मालक कठड्यापाशी उभे होते. तुझं पत्र खिशात आणि बाबांचं भांडं हातात. चिखल धुतला, पाहिलं, तर पारा करडा. पिठासारखा. चुना आणा म्हणायला मी तोंड उघडलं, आणि चुलीपाशी उभी असलेली तू दिसलीस मला.

मी भांडं कठड्यावर ठेवलं. दोन्ही हात काढून घेतले. मनात एक प्रार्थना म्हटली, सावकाश. कण सरकायला लागले. एकाला एक चिकटले. प्रार्थना संपली तेव्हा तळाशी एकच थेंब होता, आणि त्यात मला माझं तोंड दिसलं. अंगण ठणठणीत होतं, ताई. आजारी मी होतो.

मालक खूश होऊन गेले. काकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग रोज भांडं कठड्यावरच ठेवत जा, कुणाला कळतंय? आणि त्यांनी स्वतःचे हात बाहीतून बाहेर काढून दाखवले. माझ्यापेक्षा वाईट. सहा वर्षं झाली म्हणे, ते तसंच करताहेत. मी त्यांना विचारलं, घरी जेवण कोण भरवतं. ते खेचरांना पाणी दाखवायला निघून गेले.

ही जागा मला फार हवी होती. अजून हवी आहे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण मालकांना मी काल सगळं सांगून टाकलं. बाबांचं भांडं खिळ्याला परत टांगलं.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात खेचरवाल्यांबरोबर निघतो. पदकाबद्दल माफ कर. आईचं होतं ते. जागा ठेव माझ्यासाठी.

तुझा,
फर्मिन


साकातेकास, कांदेलारिया, ता. २ फेब्रुवारी १८५२

ती. सिप्रियानोकाका यांसी सा. न., वि. वि.

मी फर्मिनची थोरली बहीण, कासिल्दा. तुम्हाला पत्र त्यालाच लिहायचं होतं. तीन ओळी लिहून त्याने कागद चुरगळला आणि मला पुढे केलं. रागावू नका, पुढच्या वर्षी नक्की तो लिहील. सांगायचं एवढंच, की तो भाता चालवतो, गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा गोड बोलतो, आणि नाताळपासून चॉकलेटचा पेला दोन्ही हातांनी धरून आपला आपण पितो. थोडं सांडतं. सांडू दे.

आईच्या पदकाचे तुकडे माझ्या नवऱ्याने जोरात भाता मारून वितळवले. पारा कधीच उडून गेला होता, चांदी मात्र होती तेवढी मुशीत राहिली. तिचं नवं पदक ओतलं. मरियेचा चेहरा त्यांना पहिल्यासारखा साधेना, म्हणून नुसता क्रूस कोरला. ते गेल्या जूनपासून फर्मिनच्या गळ्यात आहे.

काका, तुमच्या गळ्यात काही चांदीचं असेल तर येत्या खेचरवाल्याबरोबर आमच्याकडे पाठवा. न घासता, न तापवता. आणि त्याच्या मागोमाग तुम्हीही आलात तर चुलीपाशी एक जागा आहे आणि भरवायला माझी सवय अजून मोडलेली नाही.

आज सकाळी देवळात जायच्या आधी मी फर्मिनचं पदक काढून घेतलं आणि दारात उजेडाला धरलं. काळंकुट्ट होतं. मी ते घासलं नाही, तसंच पुन्हा त्याच्या गळ्यात घातलं, आणि त्याच्या ताटात एक तामाल जास्त वाढला.

तुमची,
कासिल्दा