एकट्याचं वाणसामान

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. कांदा ओट्याखाली गडगडत गेला, तो काढताना तुमची आठवण झाली, म्हणून एका वाकण्यात दोन्ही कामं उरकली.) तुमचे गुडघे काय म्हणतात? दादाचा खोकला? जुळ्यांतला रडका कोणता आणि शांत कोणता, हे निदान त्यांच्या आईला तरी ओळखता येतं का? मी मजेत आहे. हे वाक्य आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे काळजी वाटलीच तर परत वर येऊन वाचता येईल.

तुम्ही दोघं लेकीकडे राहायला गेलात, भाड्याचं घर सुटलं, आणि चौपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतंत्र झालो. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी, एक शेगडी, एक खुर्ची. (खुर्च्या दोन होत्या. घरमालक "एकटेच ना?" असं विचारून एक घेऊन गेला.) बावीस वर्षं पगाराच्या दिवशी मी एक पाकीट तुमच्या हातात ठेवत आलो आणि त्या पाकिटावर घर चालतं असं समजत आलो. त्यातलं पाकिटाने किती चालवलं आणि तुम्ही किती, याचा उलगडा पहिल्याच महिन्यात झाला.

निघताना तुम्ही फळीवरची वाणसामानाची यादी माझ्या खिशात कोंबली होतीत. ती पुतणीच्या लग्नाआधीची, म्हणजे चार माणसांची, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मला सुचलं नाही. मी सगळं यादीबरहुकूम आणलं. पगाराचा तिसरा हिस्सा एका दुपारी संपला. तांदळात किडे झाले, बटाट्यांना कोंब फुटले, आणि कोबी आठ दिवस समोर बसून माझ्याकडे बघत होता. (कोबी ही वस्तू देवाने एकट्या माणसाचा विचार करून केलेलीच नाही.) दुसऱ्या महिन्यात हुशारी केली आणि सगळ्या यादीला चाराने भागलं. अंडी दीड आली.

त्यात माझी नोकरी आडवी आली. वजनमापे खात्याचा निरीक्षक दुकानात शिरला की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही, कारण तुमच्याबरोबर मी कधी पिशवी धरायलासुद्धा आलो नाही. गिऱ्हाइकं बोलायची थांबतात. वाणी रेडिओ बंद करतो. पाव किलो साखर मागितली की तीनशे ग्रॅम तोलतो. मी म्हणतो, पाव किलोच द्या, तर तो आणखी घाबरून साडेतीनशे करतो. जास्तीचं फुकट घेतलं तर ती लाच, आणि पैसे देऊन घेतलं तर महिन्याच्या हिशेबाचा बोजवारा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवाय कामावर दिवसभर लोक माझ्याशी फक्त "साहेब, काटा बरोबर आहे" एवढंच बोलतात, आणि खोलीवर तेवढंही कोणी बोलत नाही. एकदा तर शेगडी पेटवताना मीच मोठ्याने म्हणालो, काटा बरोबर आहे.

म्हणून मी चार बसथांबे पलीकडे एक दुकान शोधलं. तो भाग खात्यातल्या माझ्या जोडीदाराच्या, म्हणजे दुसऱ्या निरीक्षकाच्या वाट्याचा, तिथे मला कोणी ओळखत नाही. दुकान एका बाईंचं आहे. साठीच्या असतील, चष्मा दोरीने गळ्यात, आणि नवरा गेल्यापासून दुकान एकटीच बघतात. मी भीतभीत पाव कोबी मागितला. त्या हसल्या नाहीत. सुरी काढली, कोबीचे चार भाग केले, एक मला दिला आणि एक स्वतःसाठी बाजूला ठेवला. म्हणाल्या, एकट्या माणसाने लाजायला लागलं तर त्याने जेवायचं कधी?

वहिनी, मला जे काही येतं ते त्या बाईंनी शिकवलं. महिन्याचं सामान भरायचं नाही, तीन दिवसांचं घ्यायचं. तेल लहान बाटलीत. आठवड्याचे पैसे सोमवारी वेगळे काढायचे आणि रविवारपर्यंत तेवढ्यातच भागवायचं. आणि भुकेल्या पोटी दुकानात यायचं नाही, कारण भुकेला माणूस दोघांचं घेतो. (मी म्हणालो, मी पोट भरलं असतानाही दोघांचं घेतो. त्यावर त्यांनी माझ्या पिशवीतला एक बटाटा परत काढून ठेवला.) पगाराच्या तिसऱ्या हिश्शावरून मी सहाव्यावर आलो. तीन दिवसांचं सामान दोन दिवसांत संपायला लागलं, मग रोजचंच लागू लागलं. रोज त्या विचारायच्या, "काल काय केलंत? जमलं का?" आणि मी सांगायचो. मीठ विसरलो तेसुद्धा सांगायचो.

आता जे सांगतो ते दादाला सांगू नका. त्यांचा काटा चुकीचा आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. जुना घड्याळी काटा, तबक रिकामं, आणि सुई वीसवर. म्हणजे दर तोलामागे वीस ग्रॅम गिऱ्हाइकाचे गेले. बावीस वर्षं नोकरीत मी हेच बघत आलो, मला ते न दिसणं शक्यच नाही. मी तोंड उघडलं नाही. मनाला सांगितलं, भाग माझा नाही. मग सांगितलं, आज नको, उद्या. मग हिशेब मांडला: कांदे, बटाटे, डाळ, तांदूळ मिळून रोज ऐंशी ग्रॅम जातात, आणि त्या बदल्यात पाऊण तास गप्पा मिळतात. इतका स्वस्त सौदा मी कुठे पाहिला नव्हता. दुसऱ्या गिऱ्हाइकांचेही वीस-वीस ग्रॅम जात होते आणि त्यांना गप्पा मिळत नव्हत्या, हा भाग मी हिशेबात धरला नाही. असे सात आठवडे गेले.

मागच्या महिन्यात जोडीदाराचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि साहेबांनी त्याचा भाग माझ्याकडे दिला. मी म्हणालो, मला जमणार नाही. साहेबांनी कारण विचारलं. कारण काय सांगणार? सोमवारी अकरा वाजता पितळी वजनांची पेटी घेऊन मी त्या दुकानात शिरलो. बाई डाळ पाखडत होत्या. आधी माझ्याकडे बघून हसल्या, मग पेटीकडे बघितलं.

मी वजनं ठेवली. वीस ग्रॅम. परत ठेवली. वीस. त्या म्हणाल्या, काटा नवऱ्याच्या वेळचा आहे, सुई सरकलीय हे माहीत होतं, दुरुस्तीला टाकला तर तोलायचं कशावर, म्हणून राहिलं. खोटं बोलल्या नाहीत. मग चष्मा लावून त्यांनी विचारलं,

"तुम्हाला कधी दिसलं?"

"पहिल्या दिवशी."

"आणि बोलला नाहीत? रोज इतकं बोलायचात."

दंडाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं होतं, फसवणूक मी पकडतोय. पकडला गेलो मीच. अहवालात मी सगळं लिहिलं: दोष वीस ग्रॅम, आणि निरीक्षकास तो सात आठवडे माहीत होता. साहेबांनी दोनदा वाचलं, म्हणाले दुसरं वाक्य खोडा. मी खोडलं नाही. बाईंना दंड झाला, मला मेमो मिळाला, यंदाची पगारवाढ गेली. (सहाव्या हिश्शावर राहायची सवय लागली होती ते बरं झालं.)

मी अजून तिथेच जातो. नवा काटा आलाय, शिक्का माझ्याच हाताने मारलाय, सुई शून्यावर. पाव किलो म्हणजे अगदी पाव किलो मिळतं. बाई तोलतात, पुडी बांधतात, पैसे घेतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतात. कोबी मागितला तर अजून चार भाग करतात, पण स्वतःचा पाव बाजूला ठेवत नाहीत. नवा काटा आल्याचा आज नववा दिवस. पूर्ण वजनाचं सामान घेऊन मी दहा मिनिटांत परत येतो, आणि उरलेल्या पाऊण तासाचं काय करायचं हे कुठल्याच यादीत नाही.

बाकी सगळं ठीक. दादाला नमस्कार, पुतणीला आशीर्वाद, जुळ्यांना ज्याचे त्याचे पापे.

तुमचा,
भाऊजी

ता. क. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, एका माणसाला मूठभर तांदूळ पुरे. कोणाची मूठ? तुमच्या मुठीत चौघांचं मावायचं.

ता. क. २. पैसे पाठवू नका. पत्र पैशांसाठी नाही. विचारायचं वेगळंच आहे. तुम्ही दादाशी अबोला धरायचात, चार-चार दिवस. मी बावीस वर्षं त्याच घरात होतो, अबोला सुरू झालेला दर वेळी कळायचा, पण तो सुटायचा कसा हे कधी बघितलं नाही. मी ताटावर बसायचो तेव्हा तुमचं बोलणं सुरू झालेलं असायचं. दादा नेमकं काय करायचा? काय म्हणायचा? शब्द आठवत असतील तर जसेच्या तसे लिहा. मी पाठ करीन.

ता. क. ३. दादा काहीच करायचा नाही आणि तुम्हीच आपणहून बोलायला लागायचात, असं असेल तर ते लिहू नका. मग एवढंच कळवा, पुतणीच्या गॅलरीत एक खाट मावेल का.