देवमननं पाठवलेली दोन पोती

जऊळका, ता. २१ एप्रिल १९७७

चिरंजीव देवमनले (मुंबईले जाऊन लय शहाणा झाला म्हणून 'देवमनशेठ' लिवणार होती, पण हात वळला नाही) आजीचा जयभीम.

अठी आमी सारे बरे आहोत, अन् त्यात तुहा काही हात नाही. म्हैस आटली, तुह्या मायचा खोकला गेला, माहे गुडघे हायेत तसेच हायेत. तुही तब्येत बरीच असन. दुसऱ्याईले घोर लावणाऱ्या माणसाले कधी बिमारी होत नाही. हे पत्र माह्या हातानं लिवून राह्यली, कारण हे कोणाकडून लिवून घ्यासारखं नाही. अक्षराले हसू नको. माहं अक्षर वाकडं हाय अन् चाल सरळ हाय, तुहं उलटं हाय.

मागच्या म्हैन्यात शेषराव गाडीवाला टेशनावरून सांगत आला का तुमच्या नावानं मुंबईहून दोन पोती आली. रेल्वेच्या मालाच्या बिल्टीवर 'चुनखडी' लिवलं होतं. मी गेली. पार्सलबाबूनं सवयीनं शाईचा डबा माह्या अंगठ्यापुढं सरकवला. मी तो मागं सारला अन् पेन मागतला. मोठ्या माणसाईच्या शाळेत सहा म्हैने फळा पुसून शिकलेली सही मी पहिल्यांदा सरकारी रजिष्टरात केली. आठ दिवस मी गावात मान वर करून फिरली. मग तुहं पत्र आलं. (पोती अगोदर अन् पत्र मागून, हे बी तुलेच जमते.) त्यात लिवलं होतं का हे चुनखडी नाही, समुद्रातलं पोवळं हाय, माशाच्या टाकीत सजवाले ठेवते ते. समुद्रकाठी ते तोडाले बंदी येऊन राह्यली, बाहेरदेशचे गिऱ्हाईक सरकारी कागद मागते, दुकानात झडती होऊ शकते, म्हणून म्हशीच्या कोठ्यात कडब्याखाली झाकून ठेव, आजीच्या घरी कोण पाहते. म्हणजे पासष्ट वर्षाच्या बाईनं आयुष्यात पहिली सही केली ती नातवाच्या लपवाछपवीवर.

तुहं दुकान मी पाह्यलं हाय. काचेच्या पेट्या, त्यात लुगड्याच्या काठासारखे रंगीत मासे, अन् त्यातला एकबी कालवणाच्या कामाचा नाही. (कोणता चांगला शिजते असं मी विचारलं तर तुह्या गिऱ्हाईक बाईनं छातीवर हात ठेवला होता.) त्या माशाईच्या मधात पोवळ्याचा पांढरा फांदा उभा होता. तूच मले सांगतलं का आजी, हा गोटा नाही अन् झाडबी नाही, मोहरीएवढा जीव घरावर घर बांधत जाते, बोटभर वाढाले माणसाचा जलम जाते. मी ध्यानात ठेवलं, अन् तू इसरला. आता चार पानं रडून राह्यला का कायद्यानं धंदा बसला, हौशी लोकाईनं टाकीत ठेवावं तरी काय. गोटे ठेवावे. आपल्या नाल्यात ढिगानं पडले हायेत, त्याले कोणता कायदा लागत नाही. आपल्या लोकाईच्या झोपड्या मोडल्या तवा कायदा कोठी बसला होता कोण जाणे, पण किड्याच्या घरासाठी तो येत असन तर मी किड्याच्या बाजूनं. प्राणी मारू नये हे पहिलं शील तुले मी मांडीवर बसवून पाठ करून घेतलं होतं. त्यात मासे अन् त्याईच्या शेजाऱ्याईले सूट नाही.

आता पोत्याईचं काय झालं ते आयक. जयंती पाच दिवसावर आली होती. विहाराले चुना देणं दरवर्षी पाळीनं एकेका गल्लीकडं असते, औंदा आपली पाळी. महिला मंडळाची विमलबाई टोपलं घ्याले कोठ्यात गेली, अन् कडब्याखालून पोती काढून बोंबलत बाहेर आली का लिलाबाईनं दोन पोती चुनखडी आणून ठेवली अन् तोंडातून शब्द नाही काढला. तवा मी काय सांगू? नातवाचा चोरीचा माल हाय म्हणू? पोरं पोती उचलून जुन्या भट्टीवर घेऊन गेले, दोन दिवस जाळलं, टिपाडात पाणी सोडलं तवा ते माह्या डोक्यासारखं खदखदलं. भिंत अशी पांढरी निघाली का दुपारी तिच्याकडं पाहवत नाही. जयंतीले भोंग्यावरून माहं नाव घेतलं, दानशूर लिलाबाई म्हणून. मी मान खाली घालून बसली. बायाईले वाटलं बुढी लाजली.

परवा वाशीमहून जंगलखात्याचा गार्ड आला सायकलवर, अमरसिंग नावाचा. त्याच्या खिशात रजिष्टराची नक्कल, तीत माही सही. पोती कोठी म्हणे. मी विहाराची भिंत दाखवली. मग त्यानं बंदी असलेल्या जिवाईची यादी काढली. वाघ, बिबट, अस्वल, मोर, असं बोट खाली खाली नेत गेला, मी दोनदा चहा केला, पण पोवळं काही निघालं नाही. निघालं नाही म्हणजे नाहीच असं नाही बाई, वर विचारतो, म्हणे. म्हणजे आता माहं नाव वर गेलं. वरून 'हो' आलं तर वाशीमच्या हापिसात उभं कोण राहीन? बिल्टीवर तू नाही, मी हाय. गावात दानशूर अन् हापिसात चोर, दोनीबी तुह्यामुळं.

आणखीन लिवण्यासारखं गंज हाय, पण कागद सरला.

तुही आजी,
लिलाबाई (ही दुसरी सही.)

ता. क. — दोनीच्या दोनी पोती कशी गेली, एखादा फांदाबी काहून नाही वाचला, असं विचारशीन. टोपलं चुलीपाशी होतं. विमलबाईले ते कोठ्यात हाय असं मी सांगतलं. त्या सकाळी शेषराव बोलला होता का टेशनावर कोणी खाकीवाला मुंबईच्या पोत्याईची चौकशी करून राह्यला. कडबा उचकून पाहाले कितीक येळ लागते? भिंत कोणी खरडत नाही.

ता. क. २ — येत्या सोमवारी पहिल्या गाडीनं ये. दोघं मिळून वाशीमले जाऊ. अमरसिंगापुढं उभा राहून माल माहा, बिल्टी म्या खोटी लिवली, अन् हा धंदा आता बंद, असं सांगजो. सारं खरं सांगजो. फक्त एवढं म्हणजो का बुढीले काहीच माहीत नव्हतं.