लवूशेठवर घातलेली केस

३ फेब्रुवारी
निधी चालली! टीव्हीच्या टेबलापासून थेट माझ्या गुडघ्यापर्यंत, कुणाचं बोट न धरता. गुणाची गं माझी नात. शेजारच्या कुंदाला दाखवायला हाक मारली तर बाईसाहेब खाली बसल्या त्या बसल्याच. नजर लागायला नको म्हणून असेल. बाप पलंगावरून बघत होता. पायाला प्लास्टर, उचलून घेणार कसा?

आजच सुयोगने लवूशेठवर कोर्टात केस घातली. शेठची घाटकोपरला खानावळ, आमचा सुयोग तिथे मासे तळतो. मोरीजवळ साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं. शेठ म्हणतो, माझ्याकडे पडलाच नाही, सकाळी स्कूटरवरून पडून लंगडतच आला. म्हणजे भरपाई द्यायला नको. आणि हा लवू आमच्याच गावचा, लहानपणी याचं नाक मी पुसलंय.

६ फेब्रुवारी
लवूशेठच्या बायकोने सुरमई पाठवली. ताजी, डोळे चकचकीत. सून म्हणाली, "आई, परत पाठवा." मी म्हटलं, अस्मिता, दारात आलेला मासा कोण परत पाठवतं? तिखलं केलं. झकास झालं होतं. पण घास घेताना मनात आलंच — ही आत्ताच का आली? उद्या कोर्टात सांगतील, आमचं खाऊन आमच्यावरच उलटले. म्हणून काटे कागदात बांधून पलीकडच्या सोसायटीच्या डब्यात टाकून आले.

१० फेब्रुवारी
वकील बाई घरी आल्या. गार्गी नाव. हुशार दिसते, पण चहा घेतला नाही. मुलुंडपर्यंत येऊन चहा नको? दुसऱ्या बाजूचा पिऊन आली की काय? निधीने तिची पेन्सिल चघळली तर हसली मात्र. तेवढी बरी.

म्हणाली, साक्षीदार लागेल. तिथे भांडी घासतो तो भीमराज तेव्हा मोरीपाशीच होता म्हणे. सुयोग म्हणाला, "तो शेठला घाबरतो. नाही बोलायचा." मी म्हटलं, मी विचारून येते ना. तर केवढ्याने ओरडला — "आई, तू यात पडू नकोस!" पोराला माझी काळजी. दगदग नको म्हणून.

११ फेब्रुवारी
तरी गेले. भीमराज मागच्या दाराशी कढई घासत होता. मला बघून मान खाली.
"मावशी, मी काही बघितलं नाही."
"धप्पकन आवाज तरी आला असेल?"
"मला नका विचारू. सुयोगला विचारा ना."
विकला गेला मेला. पायात नवे कोरे बूट, मी बघितले.

१४ फेब्रुवारी
लवूशेठ स्वतः आला. माझ्या पाया पडला, निधीला खाऊ दिला. खाऊ मी आधी चाखला. मग म्हणतो, "काकी, कोर्टात कित्याक? गावच्या देवाक नारळ ठेवया. मी हात लावन सांगतंय, सुयोगान पण सांगूचा. मगे तो म्हणात ता मी देतंय."

मी लगेच हो म्हटलं. आपलं खरं असल्यावर भ्यायचं कशाला? गावात नारळावर हात ठेवून कुणी खोटं बोललेलं मी तरी बघितलं नाही. सुयोगचं तोंड उतरलं. "वकील बाई नको म्हणतील. आई, देवाला कशाला मध्ये आणतेस?" शहरात वाढलेल्या पोरांना देवाची लाज वाटते. मी ऐकलं नाही.

पण हा लवू एवढा उतावीळ का? नारळात काही करणार असेल. नारळ मीच आणणार, त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "आणा काकी." एवढं लगेच?

१५ फेब्रुवारी
मार्केटातून नारळ आणला. शेंडी जाड, पाणी गच्च. निधी चेंडू समजून मागे धावली! खरंच धावली गं. सुयोग जेवला नाही. पाय ठणकतो म्हणाला.

१६ फेब्रुवारी
गावच्या इथल्या मंडळाच्या खोलीत बसलो. टेबलावर पाट, पाटावर नारळ. टेबलाला लावून खुर्ची, तिच्यात सुयोगला बसवलं. अनंत गुरवाने गाऱ्हाणं घातलं, सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. लवूशेठने नारळावर हात ठेवला. "सुयोग माझ्या खानावळीत पडलो नाय." हात जरासुद्धा हलला नाही.

मग सुयोग. म्हणाला, "माझ्याने वाकवत नाही."

नारळ त्याच्या छातीशी होता.